वाल्मीककाकांचे लिफाफे आणि आमच्या आईंची कामसू बोटं

माझा छोटा पोरगा राज आत्ताच झोपलाय, तेव्हा पटकन सांगून टाकते. पोस्टाची तिकिटं जमवण्याचा छंद नाशकात टिकवायचा कसा, याचं उत्तर फक्त माझ्यापाशी आहे, असं मी आमच्या तिकीटसंग्राहक मंडळाच्या सभेत छातीठोकपणे सांगितलं. मंडळात मी सोडून सगळे आजोबा. अध्यक्ष वाल्मीककाकांचं म्हणणं, प्रदर्शन भरवू. मी म्हटलं, प्रदर्शनाला आपणच जाणार आणि आपणच एकमेकांचं कौतुक करणार. त्यापेक्षा मुलांना बोलावून प्रत्येकाला मूठभर तिकिटं देऊ, पुढचं ती बघतील. ठराव मंजूर झाला आणि मला झोप हवी असताना रविवार आमच्या गच्चीवर येऊन बसला.

सभासदांनी जुन्या पाकिटांचे तिकीट लावलेले कोपरे कापून पोतंभर आणून दिले. कोपरा कोमट पाण्यात टाकला की डिंक सुटतो, तिकीट अलगद वेगळं होतं, मग सुकवायचं. रविवारी सकाळी वाल्मीककाका देवळाली कॅम्पहून आले आणि मुलांना दाखवायला आपला खजिना पिशवीत घालून ठेवून गेले. जवानांच्या घरी जाऊन, तरुणपणापासून मागून मागून जमवलेले अख्खे लिफाफे. प्रत्येकावर लष्करी टपालाचा गोल शिक्का, अर्धा तिकिटावर, अर्धा कागदावर.

"तिकीट सुटलं की यांची किंमत गेली," काका म्हणाले. "पोरापेक्षा जास्त सांभाळ."

मी हो म्हटलं आणि पिशवी पोत्याला टेकवून ठेवली, कारण कडेवर पोरगा होता आणि दुसऱ्या हातात खिमटीची वाटी.

दुपारी राजला थोपटायला जरा आडवी झाले. आईंना, म्हणजे सासूबाईंना, एवढंच सांगितलं की राहिलेलं तेवढं टबातल्या पाण्यात टाका. आई कळवणच्या. कांद्याचं रोप लावायला बसल्या की वाफा संपेपर्यंत मान वर न करणाऱ्या. राहिलेलं म्हणजे राहिलेलं सगळं.

जाग आली तेव्हा गच्चीवर कुरडयांच्या प्लास्टिकवर तिकिटं रांगेत वाळत होती. मला आईंची पप्पी घ्यावीशी वाटली.

"त्या पिशवीतल्यांनी लय वेळ खाल्ला," आई म्हणाल्या. "एकेकाला प्लास्टिकचं झबलं घातलेलं. काढता काढता बोटं दुखली बाई."

मी धावत सुटले. टबात डोकावले. निळ्या शाईच्या पाण्यात काकांचं तारुण्य भिजलेल्या पोह्यांसारखं तरंगत होतं. सिन्नरला ड्युटीवर असलेल्या संतोषला, म्हणजे नवऱ्याला, फोटो पाठवला. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

तेवढ्यात मुलं आली, मागोमाग काका. मुलांना गच्चीवर पिटाळलं. काकांना खाली बसवून चहा दिला, मग पोहे, मग पुन्हा चहा. तिसऱ्या चहाला त्यांनी पिशवी मागितली. मी सांगून टाकलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते उठले, गच्चीवर गेले आणि आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे टबाजवळ बसले. आई त्यांच्याकडे बघत पदराचं टोक चोळत राहिल्या.

शेजारची हर्षाली एक तिकीट घेऊन आली. "आजोबा, याच्यावर शिक्का अर्धाच आहे. बाकीचा कुठे गेला?"

काकांनी ते तिकीट हातात घेऊन पाहिलं. मग टबाकडे बोट केलं. "त्यात आहे. सापडतो का बघ."

पुढच्या मिनिटाला सगळी मुलं कोपरापर्यंत टबात. फुकट दिलेली तिकिटं वाऱ्यावर उडत होती, तिकडे कोणी बघेना. एकाचा शिक्का जुळला की गच्ची दणाणायची, आणि काका सांगायचे की हा लिफाफा कुणाच्या घरून, कुठल्या चौकीवरून आलेला. बहुतेकांचा लगदा झाला होता. जुळले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेही डाग पडलेले.

"इतकी वर्षं कपाटात होते," जाताना काका म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते. "शिक्का अर्धाच का, असं कोणी विचारलं नव्हतं मला."

मी जड मनाने लगदा फेकायला निघाले, तर म्हणाले, राहू दे, मुलं पुढच्या रविवारी उरलेलं शोधायला येणार आहेत.

तर छंदाला मंडळाने हातभार कसा लावावा, याचं उत्तर सध्या आमच्या न्हाणीघरात, त्या लगद्याच्या टबात आहे. मंडळाने काही केलं नाही, फक्त टब अडवला. तो राजच्या आंघोळीचा. उठला वाटतं. बादली भरते.