आंबील माझ्या गाडीतून

गाडीतलं मला फार कळतं. नुसत्या आवाजावरून मी तिचं दुखणं ओळखतो. बोनेट उघडून बघावं लागणारी माणसं निराळी, असं माझं ठाम मत होतं.

म्हणून तर यंदा वेळ अमावस्येच्या शेतातल्या पूजेला मी सासरी जाहीर करून टाकलं, की आंबील माझ्या गाडीतून येणार! मेहुणा अण्णाराव जीप पाठवतो म्हणत होता, पण मी साफ नाही म्हटलं. भाऊबीजेला त्यानं सगळ्यांदेखत विचारलं होतं, "दाजी, गाडी चालवायला घेतली का शोभेला?" ते मला फार झोंबलं होतं. दसऱ्याची पूजा झाल्यापासून गाडी झाकूनच उभी होती, हे खरं. अण्णारावची बायको बाळंतीण, म्हणून सगळा स्वयंपाक लातूरला आमच्याकडं होता. औशाजवळच्या त्याच्या शेतात सगळं गणगोत जमलेलं. आंबील पोचल्याशिवाय पूजा नाही आणि पूजेशिवाय कुणाच्या तोंडात घास नाही.

सकाळी माझी बायको सिंधु ताक-ज्वारीच्या आंबिलीचं मडकं मांडीवर घेऊन पुढं बसली. मागं शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचं पातेलं आणि बाजरीचे उकडलेले उंडे. मी ऐटीत चावी फिरवली. गाडी हूं का चूं करेना.

"आवाजावरून ओळखता न तुम्ही?" सिंधु म्हणाली. "मग आता?"

"शांततेवरूनही ओळखतो," मी म्हणालो.

पेट्रोल शिळं होऊन तळाशी बसलंय, असं निदान करून मी गाडी बाहेरून गदागदा हलवली. त्यात पाव मडकं आंबील सिंधुच्या नव्या साडीवर गेली. मग धक्का मारायचं ठरलं. पण वेळ अमावस्येला लातुरात माणूस सापडतो होय? सगळं शहर शेतात. चौकात एक कुत्रं होतं, तेही आम्हाला बघून उठून गेलं. शेवटी धक्का सिंधुनं मारला. मी आत बसलो, कारण क्लच कधी सोडायचा हे जाणकाराचं काम आहे. चौकातल्या गतिरोधकापर्यंत गाडी गेली आणि तिथं रस्त्याच्या मधोमध बसली.

तेवढ्यात अण्णारावचा फोन आला. लेकरं भुकेनं रडायलीत, दाजी कुठवर आलात? वाटेतच आहे, म्हणालो. त्यात खोटं काही नव्हतं.

नाइलाजानं मेकॅनिकला फोन लावला. तोही शेतातच होता आणि त्याचं तोंड भज्जीनं भरलेलं होतं. कसाबसा घास गिळून तो म्हणाला, आधी बोनेट उघडा. मी जड हातानं उघडलं. बॅटरीच्या जागी रिकामा खड्डा, आणि दोन वायरी माझ्याकडं बघत होत्या.

"चोरी झाली!" मी ओरडलो.

"चोरी कशाची?" सिंधु पदर पिळत म्हणाली. "रानडुकरं लई झाली म्हणून भाऊबीजेला अण्णाराव बॅटरी घेऊन गेला की. कुंपणाच्या तारेत करंट सोडायचं ते झटका मशीन हाय न, त्याला. तुम्हाला विचारलं व्हतं. मॅच बघायलोय, म्हणलात."

"मग मघापासून बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, दुसरी बसवली असंल. गाडीतलं तुम्हालाच कळतं न."

शेवटी अण्णारावचीच जीप आली. पूजा उरकायला दुपार झाली. कुणी मला एका शब्दानं बोललं नाही, उलट पहिला आंबिलीचा पेला मलाच दिला, आणि त्याचाच जास्त अपमान वाटला. फणकाऱ्यानं पेला घेऊन मी एकटाच बांधाकडं गेलो आणि कुंपणाला टेकून उभा राहिलो.

"दाजी, तार! माकडांसाठी दिवसा बी चालू असती!" अण्णाराव ओरडला, तोवर मी हरभऱ्यात बसलो होतो आणि पेल्यातली आंबील माझ्या डोक्यावर होती. सकाळपासून उपाशी राहिलेलं गणगोत पोट धरून हसलं.

बॅटरी एकदम ठणठणीत आहे. हे निदान मात्र मी बोनेट न उघडता केलं.