राणीचे बिनपगारी वकील

खैरनार मास्तरांना लग्नाची पत्रिका द्यायला लोक घाबरत. मास्तर लग्नाला येणार नाहीत ही भीती नव्हती. ते पत्रिका वाचतील, ही होती.

आपण पत्रिका घेतो, मुहूर्त बघतो, जेवण कुठे आहे ते बघतो आणि कोनाड्यात टाकून देतो. मास्तर आधी चष्मा पुसायचे, पत्रिका उजेडाला धरायचे आणि देणाऱ्याला समोर बसवायचे. "'आमचे येथे श्रीकृपेकरून.' बरं. कृपा झाली असं तुम्ही म्हणता. मुलीकडच्यांचं काय म्हणणं आहे? त्यांनी निराळी छापली असेल ना? ती आणा, दोन्ही ताडून पाहू." मग बोट खाली सरकायचं. "इथे चुलत चुलत्यांची नावं आहेत, सख्ख्या काकांचं नाही. काका वारले की भांडले?"

एका कापडवाल्याला तर त्यांनी असा घाम फोडला की तो पत्रिका घेऊन परतच गेला. पुढे त्या लग्नाला रुसलेले काका आले, वरातीत नाचलेसुद्धा, असं मी बाजारात ऐकलं. मोठ्या हौसेनं मास्तरांना सांगायला गेलो.

"ऐकलं म्हणजे?" मास्तर म्हणाले. "तुम्ही पाहिलं का?"

मी त्या वेळी नंदुरबारच्या शाळेत गणित शिकवत होतो. मास्तर इतिहास शिकवत. आम्ही दोघं हमीदाबी नावाच्या म्हाताऱ्या विधवेच्या घरात शेजारशेजारच्या खोल्यांत राहत होतो. माझी खोली धूर कोंडणारी होती, त्यांची गळकी. दोघांना भाडं सारखंच असल्यामुळे आमच्यात मत्सर नव्हता.

मास्तरांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं होतं. त्याचं मुखपृष्ठ गेलेलं होतं. फ्रान्सच्या राज्यक्रांतीच्या वेळचे कागद त्यात जसेच्या तसे छापले होते. सभेतली भाषणं, वर्तमानपत्रांतले मजकूर, तुरुंगातल्यांचे अर्ज, खेडुतांची गाऱ्हाणी. मास्तर त्याला पुस्तक म्हणत नसत. 'मूळ साधनं' म्हणत, तेही आवाज खाली आणून, जसं घरात सोवळ्यातलं काही असावं.

शाळेच्या पुस्तकात राज्यक्रांतीला तीन पानं होती. मास्तरांना ती संपवायला अख्खं वर्ष लागायचं. एकेका कागदावर ते तासच्या तास काढत. "कोण बोलतंय? कोणाला? आणि काय लपवतंय?" हे तीन प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहिलेले असत. माझ्या तासाला मी ते पुसले, तर मुलं कळवळायची. आमच्या शाळेत वार्षिक परीक्षा यायची आणि फ्रान्सचा राजा अजून जिवंतच असायचा.

पण मास्तरांचा खरा जीव राणीत. पाठ्यपुस्तकात लिहिलं होतं की लोक भुकेले आहेत असं कळल्यावर राणी म्हणाली, पाव नसेल तर केक खा. आता केक आमच्या मुलांनी पाहिलेला नव्हता. त्यांनी आपसात अर्थ लावून घेतला होता की राणी म्हणाली, भाकर नसेल तर मांडे खा. आणि खापरावरचे मांडे खायला कोणाची ना असणार! त्यामुळे लोक एवढे का चिडले, हेच त्यांना कळेना.

मास्तरांचा राग वेगळा होता. "ती बोलली तेव्हा तिथे होतं कोण? एक तरी साक्षीदार दाखवा! ज्यानं हे आधी लिहून ठेवलं, त्यानं हिचं नाव घेतलेलं नाही. आणि तेव्हा ही बिचारी फ्रान्सबाहेर, आपल्या माहेरी बाहुल्या खेळत होती. बाईची मान गेली ती गेली, पण हे वाक्य अजून तिच्या गळ्यातून सुटत नाही."

सगळ्या पश्चिम खानदेशात त्या राणीला हा एकच वकील होता, आणि तोही बिनपगारी. परीक्षेत कुणी केक लिहिला की मास्तर शून्य देत. बाहेरचे परीक्षक केक न लिहिणाऱ्याला शून्य देत. त्यामुळे मुलांचं दोन्हीकडून सारखंच नुकसान व्हायचं.

एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी पहिल्याच मुलाला उठवलं आणि विचारलं, "भुकेल्या लोकांना राणी काय म्हणाली?"

मुलगा नम्रपणे म्हणाला, "साहेब, तुम्हाला कोणी सांगितलं?"

हेडमास्तर भिंतीला टेकले. मास्तरांच्या चेहऱ्यावर मात्र असा आनंद होता की जणू मुलगा विलायतेला निघालाय.

पुढचं प्रकरण गाऱ्हाण्यांचं. क्रांतीच्या आधी फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून राजाकडे तक्रारी मागवल्या होत्या. मिठावर कर फार आहे, जहागीरदाराची कबुतरं आमचं पेरलेलं धान्य टिपून खातात आणि आम्हाला त्यांना हाकलायची सोय नाही, असं त्या लोकांनी लिहून दिलं होतं. मास्तरांनी हे वाचून दाखवलं आणि मुलांना म्हणाले, "आता तुम्ही तुमची गाऱ्हाणी लिहा. खरी. जी स्वतः सोसलीत तीच."

मुलांनी मनापासून लिहिली. माठातल्या पाण्यात किडे असतात. गणिताचे सर कान पिळतात. हेडमास्तरांची शेळी वर्गात येते आणि तिला हाकलायची सोय नाही. मास्तरांनी सगळी नीट जुळवून हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवली. त्यांच्या मते फ्रान्समध्येही असंच झालं होतं.

त्या वर्षी मिठाचा सत्याग्रह देशभर गाजत होता. हेडमास्तरांनी शेळीची तक्रार वाचली, घाम पुसला आणि कुणाजवळ तरी म्हणाले की शाळेत राज्यक्रांती सुरू झाली आहे. दोन दिवसांत पोलीस जमादार आमच्या ओट्यावर हजर.

"मास्तर, तुम्ही पोरेसले क्रांती शिकाडी ऱ्हायनात, आशी खबर शे."

मास्तरांनी त्याला चटई दिली. "खबर कोणी दिली?"

"शे एक माणूस."

"त्यानं स्वतः ऐकलं?"

"नही. त्याले त्याना सालानी सांगं."

"साला वर्गात होता?"

"तो कसा ऱ्हाई? तो तं तळोद्याले ऱ्हास."

"मग तुमच्या कागदावर काय लिहाल? तळोद्याच्या साल्यानं नंदुरबारच्या वर्गात ऐकलं?"

जमादारानं पेन्सिल कानाला लावली आणि दीनवाणा होऊन माझ्याकडे बघितलं. "मंग मी काय लिखू आते?" मास्तरांनी त्याला पुरावा म्हणजे काय, हे शेवटपर्यंत समजावून दिलं. तो चहा पिऊन गेला. नंतर रस्त्यात भेटला की मास्तरांना सलाम करायचा आणि दुसऱ्या गल्लीत वळायचा.

तो चहा हमीदाबीच्या हातचा होता. तिच्या हातचा चहा घ्यावा की नाही, यावर शिक्षकांत दोन मतं होती. मास्तरांनी न घेण्याला मूळ आधार शोधला, त्यांना तो सापडला नाही, म्हणून ते रोज घेऊ लागले. मी त्यांच्या संशोधनावर विसंबून घेऊ लागलो.

हमीदाबीचा नवरा कल्हईवाला होता. तो गेल्यावर ती गोधड्या शिवून पोट भरायची. एकुलता एक मुलगा, सलीम, तरुणपणी मुंबईला जाऊन जहाजावर खलाशी झाला. त्यानंतर त्याची खबर नाही. कुठे बुडाला, कुठे राहिला, कुणाला माहीत नाही. पण अधूनमधून कुणीतरी यायचा आणि सांगायचा की सलीम दिसला. कधी सुरतेला, कधी भुसावळच्या फलाटावर. मग चार दिवस हमीदाबीचा आवाज चढा असायचा आणि चहात साखर जास्त.

एके दिवशी आम्ही शाळेतून आलो तर ती दारातच उभी. "मास्तरसाब, सलीम दिख्या! विसरवाडी के बाजार में!"

मी "अरे वा" म्हणालो. मास्तर ओट्यावर बसले. "कोणी पाहिलं?"

"बांगडीवाला बोल्या."

"त्यानं पाहिलं?"

"उसकी औरत ने देख्या."

"ती सलीमला ओळखायची?"

"ना. उसने तो कभी देख्या नहीं था उसको."

"मग तो सलीमच, हे तिला कसं कळलं?" मास्तरांच्या आवाजात राग नव्हता. वर्गात विचारतात तसंच विचारलं. मग हळूच म्हणाले, "बी, हा पुरावा टिकत नाही."

"अच्छा," हमीदाबी म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवसापासून चहा आला नाही. ती ओट्यावर बसेना. गोधडीचं काम पडून राहिलं. गल्लीतल्या बायका विचारायला आल्या तर म्हणाली, कुछ नहीं, कमर दुखती. पण अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. मी मास्तरांना म्हणालो, "तुम्ही उगाच विचारलंत." त्या आठवड्यात वर्गात त्यांनी मूळ साधनं उघडली नाहीत. पाठ्यपुस्तकातून शिकवलं. मुलं घाबरली.

रविवारी सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. "चला, विसरवाडीला जाऊन येऊ. मुळाशी जाऊन बघू."

गाडीनं खांडबाऱ्याला उतरलो. तिथून पुढे बैलगाडी. रस्त्यात धूळ एवढी की मास्तरांचा काळा कोट शेवटी पांढरा झाला. विसरवाडीला बांगडीवाल्याचं घर सापडलं. त्याची बायको म्हणाली, "मी कोठे देखं? माले चहावालानी सांगं." चहावाला नाक्यावरच होता. तो म्हणाला, "माले मोटारना ड्रायव्हरनी सांगं." मास्तरांचे डोळे चमकू लागले. एकेक थर निघत होता.

ड्रायव्हर आपल्या मोटारीखाली उताणा पडून काहीतरी पिळत होता. त्यानं तिथूनच ऐकून घेतलं आणि मग हात पुसत बाहेर आला.

"मी आसं म्हन्तंच नही, मास्तर. एक दाढीवाला माणूस मोटारमा बसेल व्हता. मी चहावालाले म्हन्तं, हमीदाबीना सलीम आते ऱ्हाता, तं इतलाच ऱ्हाता. बस, इतलंच."

"तुम्ही सलीमला ओळखत होता?"

"लहानपनी आम्ही संगेच खेळूत." तो मोटारीच्या चाकाकडे बघत बोलला. "तो मन्हा दोस्त व्हता. आजबी दाढीवाला माणूस दिखना का माले तोच याद येस."

म्हणजे मूळ साधन हे होतं. 'असता, तर एवढाच असता.' चहावाल्याच्या तोंडी त्यातला 'तर' गळला, बांगडीवाल्याच्या तोंडी त्याला पाहणारी बायको आली, आणि नंदुरबारला पोहोचेपर्यंत सलीम उभा राहिला. मास्तरांच्या सगळ्या आयुष्यात त्यांना इतकं शुद्ध उदाहरण मिळालं नसेल. पण परतीच्या गाडीत ते त्यावर एक शब्द बोलले नाहीत. मला काळजी ही होती की हा माणूस आता घरी जाऊन म्हातारीला खरं सांगणार. खोटं बोलणं त्यांना येतच नव्हतं. मी वाटेत दोनदा सुचवून पाहिलं की आपण काहीतरी गोलमाल बोलू. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

ऊन उतरता उतरता आम्ही घरी पोहोचलो. मास्तर हात-पाय न धुताच हमीदाबीच्या उंबऱ्याशी जाऊन बसले.

"बी, विसरवाडीला जाऊन आलो."

भिंतीकडचं तोंड वळलं नाही.

"सलीम तिथे आला नव्हता. पण तिथे एक मोटारवाला आहे. सलीमचा दोस्त. तो त्याला विसरलेला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांत तो त्याला बघतो. म्हणत होता, आज सलीम एवढाच झाला असता."

हमीदाबी उठून बसली. "सच?"

"मी स्वतः ऐकलं."

ती म्हणाली, "वो हुसेन होगा. दोनों मिल के मेरे अमरूद चुराते." आणि डोळे पुसता पुसता हसली. पुढे तिनं सलीमचं सगळं काढलं. पेरू कसा चोरायचा, कल्हईच्या भट्टीत हात कसा भाजून घेतला, बापाशी कसा भांडला. मास्तर ऐकत होते. ताडून पाहण्यासारखं त्यात बरंच होतं, पण त्यांनी एकदाही अडवलं नाही.

मध्येच तिनं विचारलं, "मास्तरसाब, तुम्हारी माँ?"

मी चमकलो. आमच्या ओळखीला इतकी वर्षं झाली, पण हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. दिवाळीला मी धुळ्याला जायचो आणि मास्तर फ्रान्सला, एवढंच मला ठाऊक होतं. त्यांच्याकडे कधी कुणी पाहुणा आलेला मी बघितला नव्हता.

"मी पाळण्यात असताना गेली," मास्तर म्हणाले. "मामांनी वाढवलं. ती कशी दिसायची ते कोणी सांगितलं नाही. फोटो नाही. काहीच आधार नाही."

हमीदाबीनं कंदील लावला आणि तो त्यांच्या तोंडासमोर धरला. बराच वेळ बघत राहिली. मग अगदी ठाम आवाजात म्हणाली, "गोरी थी. नाक ऐसीच लंबी. और हँसती कम थी, पर जब हँसती तो सारा घर हँसता."

मी मास्तरांकडे बघितलं. मला वाटलं, आता चष्मा पुसला जाणार आणि प्रश्न येणार.

मास्तरांनी हळूच हात वर नेला आणि एका बोटानं आपलं नाक वरपासून खालपर्यंत चाचपलं. मग पुन्हा एकदा. खाणावळीची वेळ टळून गेली तरी ते तिथेच बसून होते.