जावयाने पाडलेला बर्फ

धाकट्या साडूने सासरच्या ग्रुपवर बर्फातला फोटो टाकला, तेव्हापासून हेडक्लार्कला चैन पडेना. तोही बायकोला घेऊन नुकताच डोंगरावर जाऊन आला होता. पण तिथे इतकं लख्ख ऊन, की फोटोत दोघंही डोळे बारीक करून उभे. बायको पातळ कपड्यांत, पायात सपाता. हेडक्लार्क मात्र स्वेटरात (नवा होता, वाया कसा घालवायचा?).

ऑफिसात ओळखपत्रांसाठी फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर शिकवलं होतं. रविवारी सकाळी तो कॉम्प्युटरपुढे बसला. आधी ऊन घालवलं, मग आभाळ भरून आणलं, मग बर्फ सोडला. लांबचे कण बारीक, जवळचे मोठे आणि जरा पुसट. हात बसल्यावर आवरेना. बायकोच्या सपाता घोट्यापर्यंत बर्फात बुडवल्या, नाकाच्या शेंड्याला लाली दिली आणि फोटो ग्रुपवर टाकला.

जेवणं उरकतात न उरकतात तोच दार वाजलं. सासूबाई तरातरा आत आल्या, मागून दोन रजया सांभाळत सासरे. पंख्याखाली पेपर वाचत बसलेल्या लेकीचे पाय सासूबाईंनी थेट हातात घेतले.

"बोटं हलतात का गं?"

"आई, झालंय काय?"

"जावईबापू, स्वतः स्वेटर घालून हसताय, आणि माझी मुलगी बर्फात सपातांवर? काढून द्यायचा ना तिला."

"थंडी नव्हती हो तशी," हेडक्लार्क पुटपुटला.

"एवढ्या बर्फात?"

निर्दयी नवरा ठरायचं की खोटारडा, एवढंच हातात उरलं होतं. त्याने खोटारडं ठरायचं पत्करलं. कॉम्प्युटर लावला, बटण दाबलं. बर्फ गेला, ऊन पडलं.

बायको हसत सुटली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सासऱ्यांनी रजया खाली ठेवून खुर्ची ओढली. "माझ्या निवृत्तीच्या फोटोत थोडं वादळ येईल का हो? फक्त साहेबाच्या बाजूला."

संध्याकाळपर्यंत साहेब वादळात उडाला, साडूच्या बर्फावर कडक ऊन पडलं आणि घरात हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

निघताना सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "कला आहे हो तुमच्या हातात. बर्फ, ढग, सगळं अगदी खरं. फक्त स्वेटरात ते उशी कोंबल्यासारखं पोट दाखवलंय ना, ते जरा कमी करा. तिथेच कळतं, की खोटं आहे."

पोटाला त्याने बोटही लावलं नव्हतं.