ताईंचं पोट

जाधवकाका कुणालाही भेटले की पाचव्या मिनिटाला सांगतात, "घोड्याला ओकता येत नाही, बरं का." लखनौच्या मानक नगरला एका लग्नात शेजारचा पाहुणा तिसऱ्यांदा रबडी घेत असताना त्यांनी हेच ऐकवलं. "गिळलं ते आतच राहतं." पाहुण्याने वाटी खाली ठेवली.

काका मूळचे साताऱ्याकडचे, घोडदळातले निवृत्त दफेदार. लखनौला अमौसी विमानतळाच्या पुढे शर्यतीतून बाद झालेल्या घोड्यांचा आश्रम आहे, तिथे ते एकटे राहतात. रविवारी मुलांना खरारा करायला आणि खूर साफ करायला शिकवतात. माणूस कितीही मोठा असो, त्याला अरेतुरे. घोड्यांना मात्र अहोजाहो. पुण्याहून आलेल्या म्हाताऱ्या घोडीला तर ते 'ताई' म्हणतात. "ताई, पाय उचलता का जरा?" आणि ताई उचलतात. मी रेल्वेत नोकरीला, म्हणून मला ते "काय रे, रेल्वे" म्हणतात. घोड्याला भिऊन मी फाटकाशीच उभा राहतो, हे त्यांना पटत नाही.

माझी आठ वर्षांची इरा दर रविवारी तिथे जाते. होळीनंतरच्या रविवारी बायकोने काकांसाठी अकरा पुरणपोळ्या दिल्या. डबा इराकडे होता.

दुपारी ताई पुढच्या पायाने जमीन उकरू लागल्या. मग मान वळवून सारखं पोटाकडे बघायला लागल्या, अंगाला घाम सुटला. बोलघेवडे काका एकदम गप्प झाले, तेव्हा मी घाबरलो. घोड्यांच्या डॉक्टरांनी येऊन इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घातली.

"खाया क्या था?"

"रोज का चारा," काका म्हणाले.

"शाम तक लीद कर दे तो ठीक, नहीं तो मुश्किल है."

डॉक्टर गेल्यावर पाण्याची बाटली काढायला मी स्कूटरची डिकी उघडली. आत डबा होता, रिकामा. इराकडे पाहिलं, तर ती चपलेने माती उकरत होती. मी डिकी बंद केली आणि गप्प राहिलो. याची मला अजून शरम वाटते.

काका ताईंना फिरवत राहिले. घोडा लोळला तर आतड्याला पीळ पडायची भीती असते, म्हणून बसू द्यायचं नाही. दर फेरीला ते ताईंच्या पोटाला कान लावत आणि मान हलवत. आत काही आवाज नव्हता. पाचव्या का सहाव्या फेरीला इरा त्यांच्या आडवी जाऊन उभी राहिली.

"काकाजी, मैंने खिलाई. ग्यारह पूरनपोली. आपने कहा था ना, ताई पुणे की हैं. मुझे लगा इन्हें घर की याद आती होगी."

आता पोरीच्या कानाखाली बसणार म्हणून मी फाटक सोडून धावलो. काकांनी खिशातून फोन काढला. "डॉक्टर, पेट में चने की दाल है. मैदा, गुड़. हाँ, अभी आ." मग ताईंची दोरी इराच्या हातात दिली.

"तू चालव. मी आहे बाजूला."

अर्धी फेरी झाल्यावर ते बोलले, पण माझ्याकडे न बघता.

"मी एकोणीस वर्षांचा होतो. माझा घोडा स्पर्धेत पहिला आला. लाडाने मी त्याला बादलीभर हरभरे चारले. सकाळी गेला. साहेबांनी विचारलं, काय दिलं होतंस? मी म्हणालो, रोजचंच. डॉक्टरला खरं कळलं असतं तर कदाचित वाचला असता. हे मी बायकोलाही सांगितलं नाही कधी. तू तासाभरात सांगितलंस, बाळ."

इराला मराठी कळतं, बोलायला ती कंटाळते. ती ऐकत चालत राहिली. डॉक्टर पुन्हा आले, तेल पाजून गेले. ऊन कलता कलता ताईंनी शेपूट उचललं आणि लीद टाकली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा मीही लीद बघून हात जोडले. काका मात्र मटकन जमिनीवरच बसले.

इरा त्यांच्याजवळ उकिडवी बसली.

"त्याचं नाव काय होतं?" तिने मराठीत विचारलं.

काकांनी तोंड उघडलं, दोनदा. नाव काही येईना. आलं ते रडूच.