त्रेचाळीस सालचा स्क्रू

गुरुवारी दुपारी सव्वाबारा वाजता फ्रिडोलिन लॉयझिंगर यांची रायफल एक स्क्रू वगळता पूर्णपणे प्रामाणिक होती. रायफल १९४३ सालची आणि स्क्रू १९५१ सालचा. ही आठ वर्षांची तफावत साध्या डोळ्यांना दिसत नव्हती. परंतु स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुस खोऱ्यातले 'कालसुसंगत शस्त्र मंडळ' साध्या डोळ्यांनी पाहत नसे. मंडळाची नियमावली एकशे चार पानांची. त्यातला पहिला नियम असा, की रायफल कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी होती तशीच असावी. पुढे सैनिकाने तिचा जो काही वापर केला असेल, तो 'नुकसान' या सदरात मोडतो.

"पण बाबा, या दोन स्क्रूंत फरक काय?" डोरोथेने विचारले. ती गावाबाहेरच्या वाचनालयात नोकरी करायची आणि दर गुरुवारी वडिलांकडे जेवायला यायची.

"खाच बघ. त्रेचाळीसची खाच अरुंद असते, अदबशीर. ही बघ, जबडा वासून बसलीय."

"हो की!" डोरोथे म्हणाली. तिला दोन्ही खाचा सारख्याच दिसत होत्या.

"मिळेल कधीतरी. घाई कुणाला आहे? मॅकरोनी घे अजून. आणि चीज घाल वर, ते हिरवं. नुसतं काय टोचतेस पाखरासारखं?"

तिने सफरचंदाच्या मुरंब्याबरोबर अजून थोडी मॅकरोनी घेतली, भांडी विसळली आणि दोनची बस पकडली. शनिवारी सकाळी फ्रिडोलिन बूट चढवायला अंगणातल्या बाकावर बसले. शेजारीण पाव घेऊन आली तेव्हा एकच बूट चढवलेला होता. गेले तेव्हा त्यांना एक्क्याऐंशी वर्षे पूर्ण झाली होती.

रायफल मूळची डोरोथेच्या आजोबांची. त्रेचाळीस साली त्यांनी ती खांद्यावर घेऊन सीमेवर पहारा केला. सत्तेचाळीस साली ते बर्फावरून घसरले, रायफलीचे अक्रोडाचे लाकूड चिरले आणि लष्कराने त्या जागी बीचचे लाकूड बसवून दिले. पुढे वीस वर्षे आजोबांनी त्याच लाकडाला गाल टेकवून नेम धरला. फ्रिडोलिनही त्याच्यावरच शिकले. मंडळाने निर्णय दिला, की हे लाकूड उत्तरकालीन आहे. फ्रिडोलिननी दूर तिचिनोहून त्रेचाळीसचे अक्रोडी लाकूड मिळवले.

तेव्हा नवीनच अडचण उभी राहिली. त्या काळचे सैनिक रायफलीच्या दस्त्यावरच्या लोखंडी पट्टीखाली आपल्या नावपत्त्याची चिठ्ठी ठेवत. नव्या लाकडातून चिठ्ठी निघाली ती कुणा पिएत्रो बोनेट्टीची. मंडळाने तीन बैठका घेऊन ठरवले, की चिठ्ठी लाकडाची असते. आजोबांची चिठ्ठी सत्तेचाळीसच्या लाकडात सापडली, सबब आजोबा ही नंतरची भर आहे. फ्रिडोलिननी आजोबा काढले आणि पिएत्रो बसवला. मग कळ बदलली, स्प्रिंग बदलली, नेमाचा काटा बदलला. अकरा वर्षांनी माळ्यावरच्या खोक्यात आजोबांची जवळजवळ सगळी रायफल होती आणि भिंतीवर जी होती ती कुणाचीच नव्हती. एवढ्यानंतर राहिला तो एक स्क्रू.

अंत्यविधीनंतर चौथ्या दिवशी मंडळाचे पत्र आले. त्यात दुःख व्यक्त केले होते, आणि खाली कळवले होते, की दिवंगत सभासदाची रायफल तीस दिवसांत पूर्ण करून सादर न केल्यास प्रमाणपत्राचे प्रकरणही दिवंगत समजण्यात येईल.

डोरोथेने यापूर्वी कुठल्याही प्रमाणपत्रासाठी धडपड केली नव्हती. पण हे बाबांना हवे होते. तिने अठ्ठावीस पत्रे लिहिली. अडतीस सालचा स्क्रू आला, चव्वेचाळीसचा आला; एका गृहस्थांनी स्क्रूऐवजी लग्नाची मागणी पाठवली. तिसाव्या दिवशी ती रायफल घेऊन मंडळाच्या सभेला गेली. सभा खानावळीच्या मागच्या दालनात होती. चाळीस सभासद जमले होते, बहुतेकांचा एखादा तरी गुडघा कारखान्यात घडलेला. तपासनीस कास्पर एल्मर भिंग घेऊन वाकले, तशी त्यांच्या कानातल्या यंत्राने शीळ घातली.

"एल्मरकाका, मुदत वाढवून द्या. स्क्रू मिळत नाहीये."

"मुदत कशाला? स्क्रू आहे की माझ्याकडे." त्यांनी बंडीच्या खिशातून काड्यापेटी काढली. "सहा वर्षं झाली मिळून."

"सहा वर्षं? आणि बाबांना सांगितलं नाहीत?"

"त्याच दिवशी सांगितलं गं! तोच म्हणाला, 'कास्पर, राहू दे तुझ्याकडे. पोरीला या रायफलीचं भारी वेड. दर गुरुवारी न चुकता बघायला येते. पुरी झाली, तर मग ती कशाला येईल?'"

सचिवांनी इतिवृत्ताची वही पुढे ओढली.

"हे इतिवृत्तात घ्यायचं का?" सचिवांनी विचारले.

एल्मरनी स्क्रू लावला आणि तीन फेऱ्यांत आवळला. रायफल प्रामाणिक झाली. कलम अठ्ठ्याऐंशीनुसार सचिवांनी विचारणा केली, की कुणाची हरकत असल्यास ती मोठ्याने सांगावी. मंडळाच्या इतिहासात कुणी कधी तोंड उघडले नव्हते. प्रत्येकाच्या घरी एका स्क्रूवर अडलेली एखादी रायफल होती आणि ती बघायला येणारे कुणीतरी होते. ज्यांच्याकडे रायफल नसते, ते रविवारच्या फोनवर हवापाण्यावर आणि रक्तदाबाच्या गोळ्यांवर भागवतात. तुम्ही-आम्हीही तेच करतो.

डोरोथे उभी राहिली.

"हरकत कशावर?" सचिवांनी लेखणी उचलली. "लाकूड, लोखंड की चिठ्ठी?"

"वेडावर."

"ते कोणत्या कलमात येतं?"

"जरा मोठ्याने बोल, पोरी," एल्मर कानाशी हात नेत म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

तिने एल्मरकडे पाहिले नाही, सचिवांकडेही नाही. आवाज मात्र चाळिसांनाही ऐकू जाईल एवढा चढवला.

"मला बंदुकीतलं काही कळत नाही, बाबा. मी तुम्हाला भेटायला येत होते."