बाबाराव थांबतात

मोबाइलच्या काचेवर बोटानं टकटक करून "आहे का घरी?" असं विचारणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी नेहमी पाहतो, आणि दर वेळी माझ्या पोटात दुखतं.

या माणसाचं नाव बाबाराव पौनीकर. वीज खात्यात घरोघरचे मीटर वाचण्यात त्यांची सारी नोकरी सरली. निवृत्तीनंतर ते आमच्या वाचनालयात पेपर वाचायला येऊ लागले आणि मला न विचारता वाचनालयाचे हीरो झाले. मी त्याच वाचनालयाचा मानद ग्रंथपाल. ग्रंथालयशास्त्राची पदवी माझ्याकडे, कॉलेजची लायब्ररी जन्मभर सांभाळल्याचा अनुभव माझ्याकडे, शुद्ध भाषा माझ्याकडे. आणि लोक ओळखतात कोणाला? परवा गोळीबार चौकातला पोहेवाला पोह्यांवर तर्रीचा रस्सा वाढता वाढता मला म्हणाला, "तुम्ही त्या बाबाजीच्या लायब्ररीत राहता ना?" प्लेट तशीच ठेवून उठावंसं वाटलं. उठलो नाही, कारण तर्री चांगली होती.

याचं मूळ एका कोचिंग क्लासमध्ये आहे. आमचं वाचनालय हातमागवाल्यांच्या मोहल्ल्यातलं. माग बंद पडले, त्यांच्याबरोबर वाचणारेही पांगले. वाचनकक्षात पंखे फिरायचे आणि खाली कोणी नसायचं. शेवटी अध्यक्षांनी सांगितलं, "जूनपर्यंत हॉलमध्ये माणसं दिसली नाहीत, तर हॉल कोचिंग क्लासला देऊन टाकू. त्यांच्या बॅचेस तेव्हाच सुरू होतात." अध्यक्ष माणूस वाईट नाही, फक्त त्यांना रिकामी खुर्ची सहन होत नाही.

आता संस्था जगवायची तर तिची गोष्ट मोबाइलवर सांगावी लागते, असं कोणीतरी त्यांच्या कानात घातलं होतं. त्याला डिजिटल स्टोरीटेलिंग म्हणतात. ते शिकायला मला सीताबर्डीच्या एका शिबिरात धाडण्यात आलं. शिकवणारी मुलगी माझ्या सुनेच्या वयाची. ती म्हणाली, "सर, आपलं ध्येय सांगत बसायचं नाही, आपल्याकडचा माणूस दाखवायचा. आणि सुरुवातीलाच बघणाऱ्याला धरलं नाही, तर तो बोटानं तुम्हाला वर सरकवून देणार." मी दोन्ही वाक्यं उतरवून घेतली. पहिलं विसरलो, दुसरं पाठ केलं.

माझी फिल्म अकरा मिनिटांची झाली. सूर्योदय, बासरी, संस्थापकांच्या तसबिरीला हार, आणि मग एप्रिलच्या उन्हात जाकीट घातलेला मी: "ध्येय, धोरणे आणि वाटचाल." त्या सूर्योदयासाठी मी गच्चीवर डासांना रक्तदान केलं होतं. फिल्म कोणी पाहिली नाही. ज्या चारदोन जणांनी लाइक केलं त्यांत माझी बायको होती, आणि तिनंही नंतर कबूल केलं की बोट चुकून लागलं. ती सध्या पुण्याला असते, मुलाकडे, नातवासाठी. रोज फोन करते. "जेवलात ना, बरं, ठेवते," हे ती एका श्वासात म्हणते.

तर मी असा खचून बसलेलो असताना पेपरमागून बाबाराव म्हणाले, "सर, मी बोलून पाहू का?"

मी दया म्हणून मोबाइल दिला. त्यांनी तो शेल्फवरच्या शब्दकोशाला टेकवून उभा केला, खुर्ची ओढली, काचेवर टकटक केली आणि म्हणाले, "आहे का घरी? जेवली का वं?"

आणि थांबले.

नुसते थांबले. समोर कोणीतरी बसलंय असं मोबाइलकडे पाहत राहिले. मागे कूलर घरघरत होता. मला वाटलं, गडी पुढचं विसरला. मी खुणा करू लागलो, तर त्यांनी हातानंच मला दम धरायला सांगितलं. बऱ्याच वेळानं तोंडभर हसून म्हणाले, "काय होतं? वांगेच असन!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन पुढे सरकले. "बरं आयक, आज लायब्ररीत काय मजा झाली ते सांगतो."

मजा काय, तर आमच्याकडे येणारे दोन म्हातारे. दोघांनाही पेपरचं मधलं पान एकाच वेळी हवं असतं. त्यावरून भांडून भांडून शेवटी त्यांनी तोड काढली. एक जण पान उभं धरून अलीकडची बाजू वाचतो, दुसरा त्याच्या समोर बसून पलीकडची. वाचून झालं की खुर्च्यांची अदलाबदल. "पण पान धरनाऱ्याले झोप लागली ना वं," बाबाराव सांगत होते, "तर समोरचा टेबलाखालून लात मारते. म्हनते, मरू नोको बावा, माह्यी बातमी अर्धी राह्यली." आणि शेवटी, "येऊन पाह्य ना एकदा. खुर्च्या रिकाम्याच आहेत."

ते दोन म्हातारे मीही रोज पाहत होतो. पेपर फाटतो म्हणून त्यांच्यावर ओरडतही होतो. त्यांची गोष्ट होते हे मला सुचलं नाही आणि मीटर वाचणाऱ्याला सुचलं, हे माझं पहिलं दुखणं.

दुसरं दुखणं व्हिडिओच्या खाली आलं. लोकांनी काय लिहावं? ग्रंथांबद्दल अक्षर नाही. वाडीच्या गोदामापाशी उभ्या असलेल्या एका ट्रक ड्रायव्हरनं लिहिलं, "जेवलो बाबाजी, दालफ्राय." बुटीबोरीच्या कारखान्यातल्या एका मुलीनं लिहिलं, "आज डबाच विसरली." बाबारावांनी पुढच्या व्हिडिओत तिला सगळ्यांदेखत झापलं. सुट्टीच्या दिवशी ती मुलगी डबा घेऊन वाचनालयात हजर! बाबारावांना डबा दाखवला, मधल्या पानाचे म्हातारे पाहिले आणि जाताना सभासद झाली. अशी माणसं येतच राहिली. कोणी म्हाताऱ्यांना पाहायला, कोणी बाबारावांना सांगायला की घरी आज काय केलं होतं. आली ती बसली, बसली ती काहीबाही वाचू लागली. हॉल भरू लागला. जून तोंडावर होता आणि अध्यक्ष गालात हसत होते.

मी हसत नव्हतो. उघडच सांगतो, मी जळत होतो. माझ्या मनात आक्षेपांची रांग लागली होती आणि एके दिवशी मी ते त्यांना ऐकवले. म्हटलं, "बाबाराव, 'जेवली का वं' काय? बघणाऱ्यांत पुरुष नाहीत? 'जेवलात का' म्हणावं."

"नाही जमत सर. तसं म्हनलं की कोनाले विचारून राह्यलो तेच समजत नाही."

"आणि वांग्यांचा वाचनालयाशी संबंध काय?"

"काईच नाही," ते आनंदानं म्हणाले.

"आणि मध्ये थांबता काहून?" रागात माझ्याही तोंडून 'का'ऐवजी 'काहून' गेलं.

त्यावर ते नुसते हसले. मी माझ्यापुरतं निदान करून टाकलं. दार वाजवायचं आणि कडी निघेपर्यंत उभं राहायचं, ही त्यांची नोकरीतली खोड. या माणसाच्या सगळ्याच खोडी तिथून आलेल्या. कोणाच्याही घरी गेले तरी आधी मीटरला भेटतात, मग माणसांना. एका लग्नात नवरदेवाच्या बापाला आहेर द्यायच्या आधी म्हणाले होते, "मीटर लय पळून राह्यलं तुमचं, मांडवातला एखादा लाइट बंद करा."

समितीच्या बैठकीत मी विषय काढला. व्हिडिओ लोकांना आवडतात, पण तंत्राच्या दृष्टीनं कच्चे आहेत. सुरुवातीलाच नुसती शांतता. शिबिरात शिकवल्याप्रमाणे संपादन व्हायला हवं, आणि ते मला येतं. समितीचा चहा थंड होत होता. "करा," सगळे म्हणाले.

मी केलं. टकटक उडवली. थांबणं तर मुळासकट उपटलं. "जेवली का वं"ला "वांगेच असन" असं चिकटवलं की मधून वारा जाणार नाही. व्हिडिओ चपळ झाला. मला अभिमान वाटला, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त गार वाटलं.

बाबारावांनी तो माझ्यासमोरच पाहिला. पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाले, "सर, तुम्ही तिले बोलूच नाही दिलं."

"कोणाला?"

"जाऊ द्या." त्यांनी पिशवी उचलली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. नंतरही आले नाहीत. लोक दारातूनच विचारत, "बाबाजी नाही का?" आणि उभ्याउभ्याच परत फिरत. व्हिडिओत मी बोलून पाहिलं. एकानं खाली लिहिलं, "सर, तुम्ही नका विचारू, आमचं जेवण झालं." रिकाम्या खुर्च्या पुन्हा दिसायला लागल्या, आणि कोचिंगवाला टेप घेऊन येऊन हॉल मोजून गेला. तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "सर, तुम्हीच घालवलं, आता तुम्हीच आणा."

बाबारावांच्या घरी गेलो तर त्यांची सून म्हणाली, "बाबा उमरेडले आहेत, आत्याबाईकडे. त्यायचं जेवन सुटलं म्हने." आत्याबाई म्हणजे बाबारावांची थोरली बहीण. अशी एक बहीण आहे हेही मला माहीत नव्हतं. मी उमरेडची बस धरली.

उमरेडला घर सापडलं. दारात त्यांची भाचसून, त्या बहिणीची सून, भेटली. मी नाव सांगितल्यावर म्हणाली, "तुम्हीच का ते व्हिडिओ कापनारे सर?" तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. मग तिनं उंबऱ्यातच हळू आवाजात सांगितलं. सासूबाईंना लकवा झाला तेव्हापासून वाचा गेली. एक बाजूही गेली. जेवायला तोंड उघडत नव्हत्या. मग बाबारावांचे व्हिडिओ यायला लागले. फोन एकदा येतो आणि संपतो, व्हिडिओ मात्र प्रत्येक जेवणाला लावता येतो. "मामाजी इचारतात ना, जेवली का वं? तर हाव म्हनता आलं पायजे म्हनून आधी चार घास खातात. खोटं नाही बोलत त्या. पन तो नवा आला, त्याच्यात मामाजी थांबलेच नाही. यायची मान खाली जाईपर्यंत ते पुढे निंगून गेले. तवापासून फोन दाखवला की भिंतीकडे तोंड करतात."

मी आत पाहिलं. खाटेवर एक बारीकशी म्हातारी होती. उशाशी स्टुलावर बाबाराव बसलेले, पाठ माझ्याकडे. शेजारी पेजेची वाटी, तळाला आलेली. बाबारावांनी खाटेच्या लाकडावर टकटक केली.

"आहे का घरी? जेवली का वं, बाई?"

आणि थांबले.

म्हातारीची हनुवटी हलली. जड दार ढकलावं तशी सावकाश खाली गेली, तिथं जराशी टेकली आणि पुन्हा सावकाश वर आली. ती वर येऊन पोचली, आणि त्याच क्षणी बाबाराव म्हणाले, "काय होतं? वांगेच असन!"

म्हातारी अर्ध्या तोंडानं हसली. आयुष्यभर तिनं या भावाला वांगीच करून वाढली होती, हे मला नंतर कळलं.

ते थांबणं मी कापताना कितीदा तरी पाहिलं होतं. त्याची लांबी मला पाठ होती. ती लांबी या बाईच्या मानेची होती, मीटरची नव्हती. दारात उभ्या उभ्या मला काय वाटलं म्हणाल? लाज वाटली, ती वाटायचीच. पण तिच्याबरोबर पुन्हा हेवाच वाटला. आजवर बाबारावांचा वाटत होता, आता त्या खाटेवरच्या म्हातारीचा वाटला. माझ्या "हो"साठी इतका वेळ कोण थांबलं होतं?

बाबाराव वळले. "सर? तुम्ही? जेवले का?"

"हो, हो, झालं," मी सवयीनं म्हटलं.

ते माझ्याकडे पाहत थांबले. तसेच.

"नाही," मी म्हटलं.

मग तिथं मी वांग्याची भाजी आणि भाकर खाल्ली. म्हातारी माझ्याकडे पाहत होती, आणि माझं आटोपल्यावर तिनं बाबारावांकडे पाहून हनुवटी एकदा खालीवर केली. म्हणजे पाहुणा जेवला.

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "व्हिडिओ पहिल्यासारखेच ठेवू." "हाव," ते म्हणाले आणि बाहेर पाहू लागले. उमरेड मागे पडल्यावर बोलले, "माय गेली तवा मी लहान होतो. या बहिनीनंच जेवू घातलं मले. ती बोलत होती तवा रोज फोनवर इचारे, जेवला का गा? आता घरी सगळे आपापल्या टायमावर जेवतात. मले कोनी इचारत नाही, म्हनून मीच सगळ्याइले इचारत सुटलो." मी काही बोलावं म्हणून त्यांनी घाई केली नाही.

आता सगळं पूर्ववत आहे. टकटक आहे, थांबणं आहे, हॉल भरलेला आहे, आणि कोचिंग क्लास समोरच्या किराणा दुकानाच्या माळ्यावर गेला. तिथली मुलं मधल्या सुट्टीत पेपर वाचायला आमच्याकडेच येतात. माझं पोट अजून दुखतं. पोहेवाला अजून मला 'बाबाजीच्या लायब्ररीतले' म्हणतो.

काल दुपारी घरी एकटाच होतो. बायकोचा फोन येऊन गेला होता, नेहमीसारखा एका श्वासातला. ताट बाजूला सारून मी बाबारावांचा नवा व्हिडिओ लावला, चुका काढायला म्हणून.

टकटक. "आहे का घरी? जेवली का वं?"

बाबाराव थांबले. मी ताटाकडे पाहिलं. सकाळची खिचडी निम्मी तशीच होती. कूलर घरघरत होता, त्यांचा की माझा, कळत नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

"काय होतं? वांगेच असन!"

"खिचडी," मी मोठ्यानं सांगितलं, आणि ताट पुढे ओढलं.