हवालदारांची झेंडी

"आखाड सरेपतुर रान तुझं," कृष्णात हवालदारांनी सुनेला ठणकावून सांगितलं होतं. "तवर एका तरी शाळंनं तुझ्याकडं कायम पोरं धाडायचं कबूल केलं, तर ऱ्हाऊ दे. न्हाई तर विहिरीवरच्या त्या अर्ध्या एकरात बी ऊस. हा माझा शब्द."

"चालंल मामंजी," राजेश्वरी म्हणाली होती. "करूनच दाखवते."

विहिरीवरच्या त्या रानात तिनं मातीची शाळा काढली होती. शाळा म्हणजे काय, तर लहान पोरांनी यायचं, वाफ्यात मेथी टोकायची, कोंबडीची अंडी गोळा करायची, गांडुळं बघायची आणि मनसोक्त चिखलात बसायचं. गावात त्याची चेष्टाच जास्त. "आमची पोरं फुकट चिखलात लोळत्यात, त्याला शाळा कशापायी?" असं दूध डेअरीवर रोज कुणीतरी म्हणायचं आणि ते हवालदारांच्या कानावर मुद्दाम घालायचं. हवालदारांनी शेजारच्या रानात सऱ्या सोडून, पाणी देऊन उसाच्या लागणीची तयारी केली होती. तेवढं विहिरीवरचं रान मिळालं की पट्टा सलग होणार होता. त्यांना सलग पट्ट्याची फार हौस.

पण राजेश्वरी हटणारी नव्हती. तिनं लोणंदच्या एका बालवाडीच्या जयराज सरांना फोन करकरून जेरीस आणलं, तेव्हा कुठं ते पोरं घेऊन एकदा बघायला यायला कबूल झाले. फक्त त्यांनी शेवटी विचारलं, "बैलगाडीची फेरी आहे ना?" आणि राजेश्वरी बोलून गेली, "आहे की!"

गाडी होती. हवालदारांच्या खोपटात जुनी गाडी धूळ खात पडली होती. पण बैल? गावात घरटी ट्रॅक्टर. बैलजोडी म्हणावी अशी एकच, दादासोची, आणि ती शर्यतीची.

"वयनी, ह्यो पायलट अन् ह्यो गुलब्या," दादासो बैलांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला. "दूध पित्यात, अंडी खात्यात, पंख्याखाली झोपत्यात. माझ्या घरात पंखा न्हाई, पर गोठ्यात हाय. ही बैलं कुणाच्या गाडीला जुंपायची नसत्यात."

"अहो भावजी, तुमची प्रांजल आमच्याच शाळेत येते. पोरीसाठी तरी द्या."

प्रांजलचं नाव काढल्यावर दादासो पाघळला. चार वर्षांची प्रांजल बापाच्या खांद्यावर बसून जिल्ह्यातली शर्यतीची सगळी मैदानं फिरली होती.

"देतो. पर ध्येनात ठिवा. शिट्टी वाजली की ही पळत्यात. हलगी वाजली की पळत्यात. शेपटीला हात लागला की पळत्यात. बाकी गाईवानी गरीब."

राजेश्वरीनं हे मनावर घेतलं. हलगीवाल्या पोरांना तिनं त्या दिवसापुरतं खाऊचे पैसे देऊन गावाच्या पार पलीकडच्या टोकाला धाडलं. गाडीला पाठीमागं फळी ठोकून घेतली, म्हणजे शेपटीपर्यंत कुणाचा हात जायला नको. पहिली फेरी मोठ्यांची, पोरं नंतर, असा नियम केला. आणि शेवटी ती सासऱ्यांपुढं हात पसरून उभी राहिली.

"मामंजी, शिट्टी द्या."

सैन्यातून आल्यापासून हवालदारांच्या गळ्यात शिट्टी असायचीच. पाणी सोडायला शिट्टी, गड्यांना जेवायला बोलवायला शिट्टी. एकदा भर जेवणात वाढायला उशीर झाला म्हणून त्यांनी ती बायकोवर, मनुबाईंवर वाजवली होती. नंतर दोन दिवस त्यांना स्वतःच्या हातानं वाढून घ्यावं लागलं.

"शिट्टी? अगं, मग हुकूम कसा द्यायचा?"

"उद्या हुकूम द्यायचाच न्हाई," राजेश्वरीनं सांगितलं आणि शिट्टी काढून कमरेला खोचली.

शुक्रवारी सकाळी बालवाडीची गाडी आली. जयराज सर पांढरेशुभ्र बूट घालून उतरले. मागोमाग पोरं उतरली, पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढलेली. सरांनी आधी सगळ्यांच्या हातावर सॅनिटायझर ओतलं आणि बजावलं, "फक्त बघायचं. हात कशालाही लावायचा नाही."

झालं! मातीच्या शाळेत येऊन माती बघायची. पोरं सतरंजीवर चिकटून उभी राहिली. राजेश्वरीनं मेथीचं बी हातावर धरलं, कुणी घेईना. तिनं गांडूळ दाखवलं, तर दोघांनी डोळे मिटून घेतले. कोंबडी ओरडायला लागली तेव्हा एका मुलीनं गंभीरपणे विचारलं, "हिला बंद कुठून करायचं?"

सरांनी घड्याळ बघितलं.

हवालदार लांब बाजेवर बसून हे बघत होते. खरं तर त्यांना आनंद व्हायला हवा होता. सलग पट्टा चालत घरी येत होता. पण सुनेनं ओठ घट्ट आवळून चौथ्यांदा बी पुढं केलं, ते बघून त्यांना बाजेवर बसवेना. पोरगी काय कमी राबली होती? उन्हातान्हात वाफे काढले, खुराडं बांधलं, लोकांची टिंगल ऐकली, उलटून एक शब्द बोलली नाही. आणि हा पांढऱ्या बुटाचा माणूस घड्याळ बघतोय!

"कार्यक्रमात शिस्त न्हाई," हवालदार स्वतःशीच म्हणाले. "पाव्हण्याला वाटतंय हे पोरखेळ हाय. गाडी कशी सुटाय पायजे? इतमामानं!"

ते उठले आणि घरात गेले. जुनी टोपी डोक्यावर चढवली. शिट्टी नाही म्हणून काय अडतं? मनुबाईंच्या ट्रंकेतला हिरवा खण त्यांनी काठीला बांधला. झकास झेंडी झाली.

इकडं सर बैलगाडीत रुमाल पसरून बसले होते. दादासो पुढं कासरा धरून. पायलट आणि गुलब्या खरोखर गाईसारखे रवंथ करत उभे होते. पोरं कुंपणाच्या आत राजेश्वरीपाशी. एवढ्यात गाडीच्या पुढं, बैलांच्या अगदी समोर, थोड्या अंतरावर हवालदार सावधान उभे राहिले आणि त्यांनी झेंडी वर केली.

पायलटचं रवंथ थांबलं. गुलब्यानं कान टवकारले.

दादासोच्या तोंडचं पाणी पळालं. शिट्टी सांगितली, हलगी सांगितली, शेपटी सांगितली, आणि मैदानात ज्याच्यावर गाडी सुटते तो झेंडाच सांगायचा राहिला होता. शाळेत झेंडा घेऊन कोण उभं राहील, असं त्याला वाटलं होतं.

"तात्या! आवं तात्या, खाली करू नगा! तशीच धरा! बाजूला सरा अन् तशीच धरा!"

हवालदार बाजूला सरले. पण इतमामात सुरू केलेलं काम अर्धवट सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी झेंडी झोकात खाली आणली.

पुढचं कुणाला नीट दिसलंच नाही. धुरळा दिसला. धुरळ्यात मधूनच एक पांढरा बूट वर जाताना दिसला. "थांबवा! अहो, थांबवा!" असा सरांचा आवाज आला आणि त्यावर दादासोचा, "न्हाईत थांबत सर! निशाणापतुर जात्यात! फळी धरा, फळी!"

आणि कुंपणावर चढून प्रांजल मैदानातल्या पुकारणाऱ्यासारखी बेंबीच्या देठापासून ओरडायला लागली, "सुटली सुटली सुटली! गाडी सुटलेली हाय! पायलट बघा मंडळी, पायलट! मागं पांढऱ्या बुटाचं पाव्हणं बघा! पाव्हणं हालंना, पाव्हणं पडंना!"

सकाळपासून पुतळ्यासारखी उभी असलेली पोरं हे ऐकून पिसाळलीच. टाळ्या पिटत, किंचाळत ती कुंपणाच्या फटीतून बाहेर पडली आणि गाडीच्या मागं धावत सुटली. मधे होत्या हवालदारांच्या भिजवलेल्या सऱ्या. पहिल्याच सरीत पुढच्या पोराचा बूट रुतला. त्यानं पाय बाहेर काढला, बूट तिथंच राहिला. त्यानं चिखलातल्या मोज्याकडं बघितलं, विचार केला आणि दुसराही बूट काढून टाकला. मग काय विचारता! कुणी बसलं, कुणी लोळलं, कोंबडी बंद करायला निघालेली मुलगी दोन्ही हातांनी चिखल डोक्यावर थापायला लागली.

सरावात निशाण असायचं ते दादासोच्या गोठ्यापाशी. तिथं अंडी घातलेल्या दुधाच्या बादल्या असायच्या. बैल बादल्यांपाशी येऊन जागच्या जागी थांबले. गाडी थांबली. सर थांबले नाहीत. ते बादल्यांच्या पलीकडं, वैरणीच्या ढिगात जाऊन बसले. लागलं कुठंच नाही, पण एक बूट कायमचा गेला.

विहिरीवर मनुबाईंनी नवऱ्याला गाठलं.

"ऊस लावायचा हुता तर लावायचा हुता! पोरीच्या तोंडातला घास कशापायी काढलासा?"

"अगं, मी मुद्दाम न्हाई... मी तर तिच्यापायीच..."

 चिखलातल्या पोरांचे हातपाय तपासता तपासता राजेश्वरीनं एकदा मान वर करून सासऱ्यांकडं बघितलं आणि पुन्हा खाली घातली. मनुबाईंच्या बोलण्यापेक्षा ते हवालदारांना जास्त लागलं. सुनेला वाटलं, दिलेला शब्द हाणून पाडायला म्हाताऱ्यानं डाव टाकला! आयुष्यात एवढी बेअब्रू त्यांची कधी झाली नव्हती. सलग पट्टा गेला खड्ड्यात.

सर दादासोच्या आधारानं एका बुटावर लंगडत आले, तसे हवालदार त्यांच्यापुढं जाऊन टाचा जुळवून उभे राहिले.

"सर, चूक माझी. पोरीनं सगळी काळजी घेतली हुती, माझी शिट्टी सुदिक काढून घेतली. झेंडी मी दावली. तिला ठावं न्हवतं. शिक्षा काय करायची ती मला करा, पर शाळंवर काट मारू नगा. तिच्यासारखी शाळा दुसरं कोण काढणार न्हाई."

मनुबाई बघतच राहिल्या. हा माणूस स्वतःच्या तोंडानं अर्धा एकर घालवत होता.

सर केसांतली वैरण काढत होते. प्रांजल त्यांच्यापुढं येऊन म्हणाली, "सर, तुमी पयलं आला."

"एकच तर गाडी होती!"

"तरी बी पयलंच."

सरांच्या मिशीखाली काहीतरी हललं. पण पोरांकडं नजर जाताच ते पुन्हा गंभीर झाले. "चला, गाडीत! लाइन करा!" कुणी हललं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली, टाळ्या वाजवल्या, घरी फोन करीन म्हणून सांगितलं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. एक पोर तर चिखलात आडवं होऊन म्हणालं, "मी इथेच राहतो."

हवालदारांना राहवेना. दादासो माघारी जाऊन बैल गोठ्याच्या आड घेऊन गेलाय याची त्यांनी आधी खात्री केली आणि मग झेंडी वर धरली.

"ऐका रं सगळी! एका वळीत उभं ऱ्हावा! झेंडी खाली आली की गाडीपतुर पळायचं. पयलं कोण येतंय, बघू!"

चिखलातली पोरं सटासट उठून ओळीत उभी राहिली. झेंडी खाली आली, आणि बघता बघता सगळी वरात गाडीत जाऊन बसली. सरांनी एकदा गाडीकडं बघितलं, एकदा झेंडीकडं.

"मॅडम," ते राजेश्वरीला म्हणाले, "आम्हाला ही पोरं ओळीत लावायला दोन महिने लागले, आणि तरी लागत नाहीत. दर शुक्रवारी येऊ आम्ही. वर्षभर. पण दोन अटी. बैल नकोत. आणि झेंडीवाले आजोबा पाहिजेत."

"मी?" हवालदार दचकले. "सर, शुक्रवारी माझी पाण्याची पाळी असती! ऊस हाय, लागण हाय..."

"मामंजी," राजेश्वरी म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदा ती हसत होती, आणि डोळेही पुसत होती. "शब्द दिलाय न्हवं?"

हवालदारांनी तुडवलेल्या सऱ्यांकडं बघितलं, सुनेकडं बघितलं आणि टोपी सरळ केली. "ड्यूटी किती वाजता?"

राजेश्वरीनं कमरेची शिट्टी काढून त्यांच्या हातावर ठेवली. "ही घ्या तुमची. पण दादासो भावजींनी बैलं बांधली का ते आधी..."

एवढं ऐकायला हवालदार कुठले थांबतात! आनंदानं छाती भरून आली होती. शिट्टी तोंडात गेली, आणि पार शिवाराच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी त्यांनी ती फुंकली.

गोठ्यामागून दादासोची आरोळी आली, "आरं गुलब्याऽऽ!"

जयराज सर एका बुटानिशी, एका उडीत गाडीत चढले आणि त्यांनी दार आतून लावून घेतलं.